जिन्याकडची भिंत

सिराज मिस्त्रींविषयी गेनबा नानांना खरं तर फारच थोडं माहीत होतं. ते मंडईमागच्या एका बोळात राहतात, जुन्या स्कूटरवरून येतात, चहात तीन चमचे साखर घेतात आणि त्यांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याची जुनी खूण आहे, एवढंच. ती खूण कशाची, हे नानांनी कधी विचारलं नाही. आडनाव शेख आहे, हेसुद्धा मिस्त्री गेल्याची बातमी मोबाइलवर आली तेव्हा कळलं. सगळ्या भेटी मोजल्या तर सात-आठ भरतील. एवढ्याशा ओळखीवर एखाद्या माणसाची हकिगत सांगायला बसणं म्हणजे आगाऊपणाच. पण जे घडलं त्यातला नानांच्या वाटणीचा भाग दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही.

मिस्त्री जानेवारीत गेले, झोपेतच. चौथ्या दिवशी नाना विचारत विचारत त्या बोळात पोचले. मिस्त्रींच्या घरी जायची ती पहिलीच वेळ. दोन खोल्या, भिंतींना ताजा चुना, कोपऱ्यातल्या खुर्चीवर घडी करून ठेवलेली एक शाल. ती शाल नानांनी लगेच ओळखली आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली. मिस्त्रींच्या पत्नी अख्तरबानू त्यांच्याकडे थोडा वेळ बघत राहिल्या.

"धायरीचे ना तुम्ही?" त्या म्हणाल्या. "ते भोकवाले नाना?"

त्यांची मुलगी तरन्नुम ओशाळून "अम्मी" म्हणाली. पण नानांना राग आला नाही.

"व्हय," ते म्हणाले. "तोच मी."

त्या भोकाचीच ही गोष्ट आहे.

धायरीत नानांची शेती होती. तिथे आता सात मजली इमारत उभी आहे. नानांच्या आईचं नाव मुक्ताई, तेच इमारतीला दिलेलं. अठ्ठावीस घरं. जमीन मूळची नानांची म्हणून सोसायटीचं अध्यक्षपदही पहिल्यापासून नानांकडेच. या इमारतीला जिना एकच. तळमजल्यावर जिन्याच्या पायथ्याशी एक लहानसा हॉल आहे. त्याला दोन दारं, एक पार्किंगकडे आणि एक मागच्या रस्त्याकडे. हॉलला लागूनच, नऊ इंची विटांच्या एका भिंतीपलीकडे मीटरची खोली. सगळ्या इमारतीची वीज तिथून वर जाते. त्या खोलीचं दार पार्किंगमध्ये उघडतं.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आगीच्या सुरक्षेची तपासणी झाली आणि सोसायटीला कागद आला. मीटरच्या खोलीच्या भिंतींना आणि वर जाणाऱ्या वायरींच्या वाटेला जागोजाग भोकं आहेत, ती रीतसर बंद करा, असं त्यात होतं. भिंत दोन तास आग अडवू शकते, पण ती अखंड असली तरच. नानांचा मुलगा विश्वजीत याने दोन कंपन्यांना फोन केले. त्यांनी दिवाळीनंतरची तारीख दिली. मग हार्डवेअरच्या दुकानदाराने सिराज मिस्त्रींचा नंबर दिला. म्हणाला, हा माणूस चाळीस वर्षं बेकऱ्यांच्या भट्ट्या बांधत होता. भट्ट्या गेल्या, विजेच्या आल्या, तेव्हापासून हीच कामं करतो.

मिस्त्री आले ते हातात उदबत्तीचा पुडा घेऊन. सत्तरीच्या आतबाहेरचे, किडकिडीत, पांढऱ्या दाढीचे. त्यांनी ना टेप काढली ना वही. एक उदबत्ती पेटवली आणि सातव्या मजल्यापासून खाली येत भिंतीच्या कडेकडेने, प्रत्येक पाइप आणि वायर जिथून आत शिरते तिथे ती धरत चालले. धूर सरळ वर गेला की पुढे. धूर वाकून भिंतीत शिरला की थांबायचं आणि पेन्सिलीने तिथे गोल करायचा.

दुसऱ्या मजल्यावरच्या दुर्गाबाईंनी दार उघडून विचारलं, आज कसली पूजा आहे.

"पूजा नाही बाई," मिस्त्री म्हणाले. "भिंतीची दृष्ट काढतोय."

तळमजल्यावर मीटरच्या खोलीत आल्यावर मात्र मिस्त्रींचा हात एका जागी थबकला. जिन्याकडच्या भिंतीत, छातीच्या उंचीवर, उदबत्तीचा धूर दोऱ्यासारखा आत ओढला जात होता. तिथे पांढऱ्या प्लॅस्टरचा एक खडबडीत डाग होता आणि त्याच्या मधोमध एक काळी वायर. मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हरने डाग टोकरला. पापुद्रा पडला आणि आतून वर्तमानपत्राचा बोळा बाहेर आला. त्यांनी तो उलगडून वाचला. आठ वर्षांपूर्वीची तारीख होती.

"हे कुणाचं कसब?" त्यांनी विचारलं.

कसब नानांचंच होतं. सोसायटीचा गणपती जिन्याच्या हॉलमध्ये, बरोबर त्या भिंतीला पाठ लावून बसतो. पहिल्या वर्षी रोषणाईला वीज हवी होती. वायर पार्किंगमधून फिरवली असती तर येता-जाता पायात आली असती. म्हणून नानांनी स्वतः छिन्नी-हातोडा घेऊन पलीकडून भोक पाडलं होतं, मूठभर. विसर्जनानंतर त्यात कागद कोंबून वरून प्लॅस्टर फासलं. पुढे दरवर्षी गणपती आले की प्लॅस्टर फोडायचं, वायर सारखी करायची, गणपती गेले की पुन्हा फासायचं. या युक्तीचं त्यांना इतकं कौतुक होतं, की नव्या भाडेकरूंनाही ती ते दाखवत.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाकीची भोकं बिल्डरची. ती पाइपाभोवतीची, बोटभर आहेत. हे एकटंच हौसेचं आहे."

नानांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. रोषणाई करणारा वायरमन समाधान तिथेच होता. त्याने सुचवलं की डब्यातला फेस मारू, पाच मिनिटांत फुगून भोक गच्च भरतं. मिस्त्रींनी त्याच्याकडे न बघताच सांगितलं, की तो फेस वारा अडवतो, आग नाही. आगीत तो स्वतःच पेटतो आणि त्याचा धूर लाकडाच्या धुरापेक्षा वाईट. भिंतीत मूळ भिंतीच्या तोडीचा मसाला भरावा लागतो, आणि त्यात ही वायर नको. वायर बाहेरून न्या.

गणपती तीन दिवसांवर आले होते. मंडपाचा सांगाडा उभा होता, मागचा जरीचा पडदा शिवून आला होता. नाना म्हणाले, आता नाही, विसर्जनानंतर. मिस्त्री म्हणाले, आत्ताच, कारण याच दहा दिवसांत त्या खोलीवर सगळ्यात जास्त भार असतो. शब्दाला शब्द वाढत गेला. नाना मुळात भांडणारा माणूस नव्हे. पण आपल्या पोराच्या वयाच्या वायरमनसमोर कुणी आपल्याला शिकवावं, हे त्यांना सोसेना.

"मिस्त्री, ही जागा माझी हाय," ते शेवटी म्हणाले. "भिंत बी माझीच."

मिस्त्रींनी उदबत्ती जमिनीवर विझवली.

"भिंत तुमची असेल, नाना. जिना सगळ्यांचा आहे."

दोन दिवस येऊन त्यांनी बाकीची सगळी भोकं करड्या मसाल्याने भरली, प्रत्येकाखाली पेन्सिलीने तारीख घातली आणि निघाले. जाताना उरलेला उदबत्तीचा पुडा नानांच्या हातात दिला. म्हणाले, मनात आलं तर स्वतः लावून बघा. नानांनी तो पुडा देवघरात ठेवून दिला.

गणपती बसले. नाना वाजतगाजत जाऊन मूर्ती घेऊन आले. तोवर जरीचा पडदा लागला होता, रोषणाई झगमगत होती. भोक पडद्यामागे गेलं आणि नानांच्या मनातूनही गेलं, असं म्हणायला हवं. पण ते पुरतं गेलं नव्हतं. आरती करताना त्यांची नजर पडद्याच्या एका ठरावीक जागी जाई आणि मग ते टाळ्या जरा जोरात वाजवत.

पाचवा दिवस रविवारचा. दुपारी चारच्या सुमाराला नाना संध्याकाळच्या आरतीसाठी हार-दूर्वा घेऊन मंडईतून परतले. रिक्षा फाटकाशी थांबली तेव्हाच त्यांना वास आला, जळक्या रबराचा. मीटरच्या खोलीच्या जाळीतून काळा धूर येत होता. ते बघत असतानाच आत काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला आणि दाराच्या फटीतून पिवळा उजेड दिसला. इमारतीची वीज गेली. लिफ्ट बंद पडली.

पार्किंगमधली मुलं बाहेर पळाली. पूर्वा नावाची पाचव्या मजल्यावरची मुलगी अग्निशमन दलाला फोन लावत होती. ती म्हणाली, गाडी निघाली आहे, पण सिंहगड रस्त्यावर गणपतीची गर्दी आहे, पंधरा-वीस मिनिटं तरी लागतील.

वर तिसऱ्या मजल्यावर नानांचं घर. घरात त्यांची पत्नी शकू, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला जेमतेम बारा दिवस झालेली, वॉकर धरून चालणारी. सोबत सून ऋतुजा आणि चार वर्षांची नात ओवी. विश्वजीत मांजरी गावात मित्राकडे गणपतीच्या दर्शनाला गेलेला. आणि घरोघरी अशीच माणसं, रविवारची दुपारची झोपलेली.

नानांचा फोन वाजला. ऋतुजा होती.

"बाबा, बाल्कनीत धूर येतोय. ग्रुपवर सगळे विचारतायत, खाली यायचं की घरातच थांबायचं? लिफ्ट बंद आहे. आईंना घेऊन जिना उतरू का?"

सगळी इमारत त्यांच्या एका उत्तरासाठी थांबली होती, आणि त्या उत्तरासाठी लागणारी गोष्ट फक्त त्यांना माहीत होती, असं त्या क्षणी त्यांना वाटत होतं. पलीकडे आग, मधे भिंत, भिंतीत मूठभर भोक. भोकात कागद. भोकासमोर जरीचा पडदा. पडदा पेटला असेल तर जिना आत्ता धुराड्यासारखा भरत असेल, आणि एकदा त्यात माणसं शिरली की शकू दुसऱ्या मजल्यापर्यंतसुद्धा पोचणार नाही.

"थांबा," ते म्हणाले. "दार उघडू नगा. समद्यांना सांग, दारं उघडू नगा. मी बघतो."

"धूर वाढतोय, बाबा."

"दोन मिनिटं दे मला."

फोन खिशात टाकून ते इमारतीला वळसा घालून मागच्या दाराकडे धावले. धावले म्हणजे सत्तरीचा माणूस धावतो तितकं. हाराची पिशवी हातातच राहिली होती. मागच्या दाराच्या कडीला हात घातला आणि ते थांबले. आत काय असेल ते त्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं. दार उघडलं तर धूर अंगावर येईल. नाही उघडलं तर वर अठ्ठावीस घरांना काय सांगणार? मिस्त्रींचं बोलणं आठवलं असं म्हणणं खोटं ठरेल. त्यांना आठवलं ते आठ वर्षांपूर्वी भिंतीवर छिन्नी धरलेला स्वतःचा हात.

त्यांनी दार उघडलं.

हॉलमध्ये अंधार होता आणि तेलाचा दिवा शांत जळत होता. ज्योत हलत नव्हती. जास्वंदीचा आणि कापराचा वास. पार्किंगकडच्या दाराच्या फटीतून मात्र धुराची एक पातळ पट्टी आत येत होती. नानांनी मंडपाची सतरंजी ओढली आणि त्या दाराच्या तळाशी दाबून बसवली. मग ते मूर्तीच्या बाजूने मागे शिरले आणि दोन्ही हातांनी पडदा खाली खेचला. खिळे उपटले, जरीचं कापड फाटलं.

भोक नव्हतं.

तिथे करड्या मसाल्याचा गुळगुळीत चौकोन होता. बाजूच्या भिंतीशी इतका सपाट, की हात फिरवल्यावरच कळावा. वायर नव्हती. चौकोनाखाली पेन्सिलीने लिहिलं होतं, २७ ऑगस्ट. गणपती बसले तो दिवस. नानांनी भिंतीला तळहात लावला. पलीकडे आग भडकलेली आवाजावरून कळत होती. अलीकडे भिंत जेमतेम कोमट होती, झाकून ठेवलेल्या भाकरीसारखी.

त्यांनी जिन्यात मान वर करून पाहिलं. सातव्या मजल्यापर्यंतचा उजेड स्वच्छ दिसत होता.

"उतरा," त्यांनी फोनवर सांगितलं. "समदे उतरा. जिना मोकळा हाय. मागच्या दारानं बाहेर पडा. गडबड करू नगा."

माणसं उतरू लागली. दुर्गाबाई आल्या, पूर्वाचे आई-वडील आले, कुणी मांजर घेऊन, कुणी गॅसची शेगडी बंद केली का याची चौकशी करत. पाचव्या मजल्यावरच्या दोन भाडेकरू मुलांनी शकूला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून आणलं. ओवी ऋतुजाच्या कडेवर होती. मूर्तीसमोरून जाताना तिने सवयीने हात जोडले. नाना शेवटच्या माणसापर्यंत भिंतीला तळहात लावून उभे राहिले. आधार भिंतीला होता की त्यांना, ते त्यांनाच सांगता येणार नाही.

बंब आला तेव्हा सगळे रस्त्यावर होते. मीटरची खोली आतून कोळसा झाली. एका मीटरची जोडणी सैल होती, तिथून ठिणगी पडली, असं नंतर निघालं. दलाच्या अधिकाऱ्याने दोन्ही बाजूंनी ती भिंत पाहिली, तारखेवर टॉर्च धरला आणि विचारलं, हे काम कुणी केलं. नानांनी नाव सांगितलं. पुढचं सांगितलं नाही.

रात्री शकूने कबूल केलं. नाना मूर्ती आणायला गेले तेव्हा मिस्त्री स्कूटरवरून आले होते. खालून हाक मारून त्यांनी मीटरच्या खोलीची किल्ली मागितली आणि शकूने ती पिशवीत घालून दोरीने बाल्कनीतून खाली सोडली. समाधानला हाताशी धरून मिस्त्रींनी वायर पार्किंगच्या वरच्या बाजूने फिरवली, झेंडूच्या माळांत दडवली आणि दोन्ही अंगांनी भोक बुजवलं.

"मला का न्हाई सांगितलंस?" नानांनी विचारलं.

"ते म्हणाले, सणासुदीला नवऱ्याचं तोंड कशाला बिघडवता. विसर्जनानंतर तेच सांगणार होते."

पंधरा दिवसांनी सोसायटीची सभा झाली. अध्यक्षांनी प्रसंगावधान राखलं, सगळ्यांचे प्राण वाचवले, अशी भाषणं झाली आणि नानांना शाल-श्रीफळ दिलं. नाना बोलायला उभे राहिले. मिस्त्रींमुळे झालं, एवढं ते म्हणाले. लोकांना तो विनय वाटला आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. भोक आपण पाडलं होतं, बुजवायलाही आपणच नको म्हणालो होतो, हे पुढचं वाक्य घशाशी आलं आणि तिथेच राहिलं. शाल घरी आणून त्यांनी कपाटात टाकली. कपाट उघडलं की ती दिसायची.

ऑक्टोबरात नवीन मीटर बसले आणि मिस्त्री शेवटची पाहणी करायला आले. देवघरातला पुडा नानांनीच आणून दिला. मिस्त्रींनी उदबत्ती पेटवून जिन्याकडच्या भिंतीपाशी धरली. दोघंही बघत राहिले. धूर काठीसारखा सरळ वर गेला.

"मिस्त्री," नाना म्हणाले, "त्या दिवशी मी जे बोललो..."

"कुठल्या दिवशी?" मिस्त्रींनी उदबत्तीवरची नजर न काढता विचारलं. "तुम्ही बरंच बोलता, नाना."

नानांना हसू आलं आणि हसण्यात ते वाक्य पुन्हा मागे गेलं. शकूने चहा पाठवला होता, आठवणीने तीन चमचे साखरेचा. तो पिऊन होईपर्यंत नाना वर जाऊन आले. कपाटातली शाल त्यांनी कापडी पिशवीच्या तळाशी घातली, वर इमारतीमागच्या झाडाचे पेरू भरले आणि खाली येऊन पिशवी स्कूटरच्या हुकाला अडकवली.

"हे काय?" मिस्त्रींनी विचारलं.

"पेरू हायेत. घरी न्या."

"गोड आहेत का?"

"खाऊन बघा."

"बघतो." मिस्त्रींनी स्कूटरला किक मारली. दुसऱ्या खेपेला ती सुरू झाली. "येतो, नाना."

"या," नाना म्हणाले. "सावकाश जा. पुलाशी गर्दी हाय."